हे दोन विषय एकत्र मिळत नाहीत

कला आणि विज्ञान महाविद्यालयाच्या कचेरीत प्रवेशाच्या खिडकीमागे जे गृहस्थ तीस वर्षं बसत होते, त्यांना मुलं खिडकीकाका म्हणत. नाव होतं त्यांना, नाही असं नाही, पण ते पगाराच्या कागदावर होतं आणि तिथून ते कधी बाहेर पडलं नाही. काकांचीही त्याबद्दल काही तक्रार नव्हती. खिडकी त्यांची होती, शिक्का त्यांचा होता, आणि वर्षातले पंधरा दिवस अख्खं कॉलेज त्यांच्या मुठीत होतं. एवढं सुख प्राचार्यांनाही नव्हतं.

काकांची कामाची एक पद्धत होती. मूल खिडकीशी आलं की ते आधी गुणपत्रिका बघत, मग पालकांकडे बघत, आणि वेळ उरलाच तर मुलाकडे. मग चष्मा कपाळावर सरकवून गट सांगत. पदवीला नऊ गट होते, एकेका गटात तीन विषय. ज्याला काय हवं ते ठाऊक असे आणि जो ते ठणकावून सांगे, त्याला हवा तो गट मिळे. जो चाचरला, ज्याने बापाकडे पाहिलं, ज्याने ‘अं’ म्हटलं, तो गेला सातव्या गटात.

सातव्यात प्राचीन इतिहास, भूगोल आणि संख्याशास्त्र होतं. विषयांचा यात काडीचा दोष नव्हता. पण ते तिघं एका खोलीत का नांदतात हे कुणालाच माहीत नव्हतं आणि आपणहून तो गट कुणी मागत नसे. पंधरा मुलं झाली नाहीत तर गट बंद, गट बंद तर शिकवणारे रिकामे. त्यामुळे एरवी जिन्यात समोरासमोर आले तरी काकांकडे न बघणारे प्राध्यापक प्रवेशाच्या पंधरवड्यात स्वतःच्या हाताने त्यांना चहा आणून देत, तब्येतीची चौकशी करत आणि जाता जाता हळूच विचारत, आपल्याकडे किती झाले? काका म्हणत, होतील. आणि होत. तीस वर्षांत सातवा गट एकदाही बंद पडला नाही, याचा काकांना फार अभिमान होता.

घरी जेवताना ते सांगत की आज एवढ्या मुलांना मार्गी लावलं. तो मार्ग पुढे कुठे जातो हे त्यांनी कधी विचारलं नाही, कारण ती खिडकी वेगळी होती.

आता घरातली गोष्ट. काकांना दोन मुली. थोरलीने बारावीनंतर महिनाभर विचार केला होता, तिला चित्रकलेसारखं काहीतरी करावंसं वाटत होतं, पण नक्की काय ते तिला सांगता येईना. काकांनी तिला दोन मिनिटांत सातव्यात टाकली. आज ती एका कंपनीत फोनवर लोकांच्या शिव्या खाते, आणि शिव्या देणाऱ्यांपैकी कुणालाही अजून प्राचीन इतिहासाची अडचण आलेली नाही. काकू हे बोलून दाखवत नसत. पण काका ‘मार्गी लावलं’ म्हणाले की त्यांच्या पानात भाजी जोरात पडे.

धाकटीचं मात्र सगळं निराळं. गल्लीच्या तोंडाशी जनावरांचा दवाखाना होता, तिथे ती शाळा सुटल्यावर जाऊन बसायची. आधी नुसती बघायची, मग कुत्र्यांची तोंडं धरायला लागली, मग डॉक्टरीणबाई तिला पट्टी बांधायला देऊ लागल्या. एकदा एक म्हातारं कुत्रं आलं. मागचे पाय गेलेले, डोळ्यांत पडदा. मालक रडत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याला फार त्रास होतोय, आता सोडवू या, इथे सही करा. मालकाने सही केली. कुत्रं धाकटीच्या मांडीवर डोकं ठेवून होतं आणि सुई टोचेपर्यंत शेपटी हलवत होतं.

त्या दिवसापासून पोरीच्या डोक्यात भुंगा शिरला. त्याला त्रास होतोय हे आपल्याला कळतं कसं? आणि कळलं तरी त्याच्या वतीने सही करणारे आपण कोण? पहिल्या प्रश्नाला प्राणिशास्त्र लागतं आणि दुसऱ्याला तत्त्वज्ञान, हे तिने स्वतःच शोधून काढलं. वाचनालयातली पुस्तकं आणून उशाशी रचली. बारावीचा निकाल लागला, चांगला लागला, आणि तिने जाहीर केलं की पदवीला आपण हे दोन विषय घेणार, तिसरा काय वाटेल तो द्या.

काका घास गिळून म्हणाले, हे दोन एकत्र मिळत नाहीत.

का, म्हणून तिने विचारलं. इतकी वर्षं खिडकीवर कुणी ‘का’ विचारलं की काका माहितीपुस्तिकेचं अकरावं पान उघडून बोट ठेवत. इथे पुस्तिका हाताशी नव्हती, पण पान पाठ होतं. त्यांनी ताटावरच म्हणून दाखवलं: या दोन विषयांच्या विचारपद्धती परस्परविरोधी असल्याने विद्यार्थ्याच्या मनाची ओढाताण होते. एक विषय बाहेर बघायला शिकवतो, दुसरा आत. मोठमोठ्या लोकांनी विचार करून ठरवलेलं आहे, असंही वर जोडलं.

धाकटी म्हणाली, “माझ्या मनाची ओढाताण आधीच झालीय बाबा. म्हणून तर घ्यायचेत.”

काका हसले. पण हात धुताना त्यांना काहीतरी आठवलं आणि ते नळ तसाच सुरू ठेवून उभे राहिले, काकूंनी येऊन बंद करेपर्यंत.

काय आठवलं, ते ऐका. बावीस वर्षांपूर्वी वेळापत्रक बनवायचं काम काकांकडे आलं होतं. त्या वेळी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक मदतनीस होता, बाटल्या-बेडूक सांभाळणारा. त्याचं गावात शिलाईचं दुकान होतं, सकाळी गिऱ्हाईक, संध्याकाळी गिऱ्हाईक. अकरा ते दोन एवढा वेळच तो सरकारला देऊ शके. म्हणून प्रयोग अकरा ते दोन. आणि तत्त्वज्ञानाचे त्या वेळचे प्राध्यापक उशिरा उठत, जेवले की पेंगत. मधला काय तो काळ जागेपणाचा, तोही अकरा ते दोन. काकांनी दोघांना ती वेळ दिली आणि खाली एक ओळ टाकली की हे विषय एकत्र घेता येणार नाहीत. संपला विषय.

पण पुढच्या वर्षी तपासणी समिती आली. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, हे दोन एकत्र का नाहीत? तेव्हाच्या प्राचार्यांना घाम फुटला. ते कचेरीत धावत आले आणि काकांना म्हणाले, काहीतरी लिहा, पण वजनदार लिहा. काकांनी शिलाईचं दुकान लिहायचं की डुलकी, असा क्षणभर विचार केला आणि ओढाताणीचं ते वाक्य टाइप केलं. समिती खूश झाली. अहवालात ‘विषयरचनेमागील सखोल भूमिका’ असा उल्लेख आला.

मग काय विचारता. वाक्य पुस्तिकेत छापलं गेलं. एका तरुण प्राध्यापकांनी त्याच्यावर लेख लिहिला, लेखाचा प्रबंध झाला, प्रबंधावर बढती झाली, आणि आजचे प्राचार्य ते हेच. दोन दिवसांची परिषद भरली, बाहेरगावचे विद्वान आले, भूमिकेच्या बाजूने आणि विरोधात भांडले आणि जेवून गेले. प्राणिशास्त्र आणि तत्त्वज्ञान या दोन विभागांत बोलणं बंद झालं ते कायमचं. पहिल्या परिषदेत खुर्च्या लावताना काकांना हसू आवरत नव्हतं. दुसऱ्या परिषदेत ते कमी हसले. दहाव्या वर्षी त्यांना ते वाक्य पटलं. तोवर मदतनीस दुकानात कायमचा बसायला निघून गेला होता, ते प्राध्यापकही वारले होते, पण अकरा ते दोन जागच्या जागी राहिलं.

आता धाकटीसमोर बसून खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? बाई गं, तुझ्या मनाची ओढाताण मी टाइप केली आहे? काकांनी जीभ चावली आणि दुसरा रस्ता धरला. नुसतं प्राणिशास्त्र घे, पाचव्या गटात चांगली संगत आहे. तत्त्वज्ञान काय, घरी वाच. कर्मचाऱ्याच्या मुलीला इथे फी माफ आहे, तेही बघायला नको का?

धाकटीने मग आपला कागद काढला. दुसऱ्या शहरात एक कॉलेज होतं, तिथे हे दोन्ही विषय जोडीने मिळत होते आणि तिला जागाही मिळाली होती. पण तिथे राहायचं, खायचं, फी, सगळं मिळून काकांच्या पगाराला भोक पडलं असतं. तिलाही ते कळत होतं. म्हणून ती म्हणाली की मी आधी इथेच अर्ज करते, दोन्ही विषय लिहून. इथल्या प्रवेशाचा शेवटचा दिवस शनिवार, पाच वाजेपर्यंत. त्याच्या आत तुम्ही करून द्या, नाहीतर मला सांगा की का होत नाही. नुसतं मिळत नाही म्हणू नका.

काकांनी तिने दिलेला अर्ज वर्तमानपत्राखाली सरकवला. शुक्रवारी रात्री काकू अंथरूण घालताना एवढंच बोलल्या, “एकीचं केलंत तेवढं पुरे झालं.”

शनिवारी दुपारी साडेतीनच्या सुमाराला काकांनी पुढचा अर्ज ओढला, अक्षर ओळखीचं वाटलं म्हणून वर पाहिलं, तर खिडकीत धाकटी. दीड तास रांगेत उभी होती, चारचौघींसारखी. मागे पंचवीस-तीस माणसं. घरी अर्ज दाबता येतो, खिडकीत आलेला अर्ज दाबता येत नाही, हे तिने बरोबर हेरलं होतं. बापाचीच लेक.

काकांनी सवयीने पान अकरा उघडलं आणि बोट ठेवलं.

ती म्हणाली, “वाचलंय. हे कुणी ठरवलं, त्यांचं नाव सांगा. मी त्यांना जाऊन विचारते.”

काकांचं बोट त्या ओळीवर तसंच राहिलं. तीस वर्षांत ‘का’ विचारणारे बरेच आले होते, पण ‘कुणी’ विचारणारं कुणी आलं नव्हतं. त्यांना एकदम लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली, की ही पोर खरंच शोधून काढेल. त्यांनी तिला बाजूच्या बाकावर बसायला सांगितलं, खिडकीत जेवणाच्या सुट्टीची पाटी लावली आणि कपाटातून बावीस वर्षांपूर्वीचं पिवळं पडलेलं वेळापत्रक काढून प्राचार्यांच्या खोलीकडे निघाले. रांगेतून कुणीतरी ओरडलं की साडेतीनला कसलं जेवण, पण काकांनी मागे वळून पाहिलं नाही. 

प्राचार्यांच्या खोलीत दोन्ही विभागप्रमुख आधीच बसले होते, तोंडं विरुद्ध दिशांना करून. प्रयोगशाळेच्या नव्या पंख्यावरून वाद होता. काकांनी वेळापत्रक टेबलावर पसरलं आणि शिलाईच्या दुकानापासून डुलकीपर्यंत सगळं सांगून टाकलं. वाक्य मीच टाइप केलं, त्याला काही आधार नव्हता, आता दोन्ही अडचणी उरल्या नाहीत, तेव्हा प्रयोगांची वेळ फक्त दोन ते पाच केली तर भागेल. त्यांना वाटलं, आता आपल्याला झापतील, कदाचित लेखी खुलासा मागतील. तेवढ्याची त्यांनी तयारी ठेवली होती.

तिघांनीही वेळापत्रकावर नजर टाकली. मग प्राचार्य हसले, फार मायेने हसले. “काका, तुम्ही फक्त टाइप केलंत हो. त्यामागचा विचार तुमच्या लक्षात येण्यासारखा नाही.”

काका म्हणाले, अहो, विचार नव्हताच, दुकान होतं. तत्त्वज्ञानाच्या विभागप्रमुख बाईंनी समजावलं की कारण आणि समर्थन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुकान हे फार तर निमित्त झालं असेल. प्राणिशास्त्राचे प्रमुख गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडे वळले आणि म्हणाले, मॅडमचं बरोबर आहे. म्हणजे जी दोन खाती परिषदांनी जुळली नाहीत, ती काकांना वेडं ठरवायला दोन मिनिटांत जुळली. प्राचार्यांचा अख्खा प्रबंध त्या एका ओळीवर उभा होता. ते तिला हात कसा लावू देतील? तरी त्यांनी मोठेपणा दाखवला. पुढच्या वर्षी एक उपसमिती नेमू म्हणाले, आणि हे जुनं वेळापत्रक संग्रहात ठेवायला मागून घेतलं. बाहेर पडताना काकांनी मुलीसाठी अपवाद करा म्हणून हात जोडले. तेव्हा प्राचार्य दुखावले. स्वतःच्या घरासाठी नियम वाकवायला निघालात का, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, असं ते म्हणाले. काका खोटं बोलले तेव्हा त्यांची भूमिका सखोल ठरली होती, आणि आज खरं बोलले तर ते स्वार्थी ठरले.

परत खिडकीत येऊन बसले तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती. धाकटी बाकावरून उठून आली. काकांचा चेहरा पाहून तिला कळलंच.  रांगेतली माणसं खोळंबलेली, घड्याळ समोर. स्वतःच्या अर्जावर बोट ठेवून ती हळू आवाजात म्हणाली की राहू दे बाबा, सातवा द्या, फी तरी वाचेल.

पाचवा नव्हे, सातवा. रागाने मागितला की दमून, ते काकांना आजवर कळलेलं नाही. त्यांनी पेन उचललं, रकान्यावर टेकवलं, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर थोरली आली, कानाला यंत्र लावून माफी मागणारी.  त्यांनी अर्ज उलटा फिरवून खिडकीतून बाहेर सरकवला.

“इथे नको घेऊस,” ते म्हणाले. मग खिडकीशी वाकून पुन्हा म्हणाले, “इथे प्रवेश घेऊ नकोस. तिकडेच जा. पैशांचं मी बघतो. तुझं इथे वाटोळं होईल.”

धाकटीने बापाकडे असं पाहिलं की जणू खिडकीमागे आज पहिल्यांदाच कुणीतरी बसलेलं दिसलं. तिचे डोळे भरले. तिने अर्ज घेतला, चार घड्या घातल्या आणि बाजूला झाली, पण गेली नाही. काकांना इतकं हलकं वाटलं की आता उठून घरी जावं, झालं आपलं काम. पण काम कुठलं झालं होतं? रांग होती.

पुढे एक माणूस होता, हातांना ग्रीसचे डाग, गॅरेजातून तसाच आलेला, आणि त्याच्या मागे त्याची मुलगी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी. दोघांनी सगळं ऐकलं होतं. खिडकीपासून ती दोघं हातभर अंतरावर होती, न ऐकून जातात कुठे? बापाने अर्ज आत दिला. विषयांचा रकाना कोरा होता.

तो भांडायच्या सुरात बोलला नाही, साधं विचारलं, “काका, तुमच्या मुलीला जे नको, ते आमच्या मुलीला चालतंय होय?”

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बापाला सोडून मुलीकडे आधी पाहिलं आणि विचारलं की बाळ, तुला काय शिकायचंय? प्रश्न बरोबर होता. तीस वर्षं उशिरा आला होता एवढंच. मुलीने बापाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग काकांकडे, आणि म्हणाली, “अं... तुम्ही द्याल ते.”

विचार करून सोमवारी ये, असं काका म्हणाले असते तर सोमवारी खिडकी बंद होती. दुसऱ्या शहरात जा म्हणाले असते तर कुणाच्या पैशाने? पाचव्याला बारावीत विज्ञान लागे, ते तिचं नव्हतं, आणि बाकीचे गट दुपारीच भरले होते. ग्रीसच्या हातांचा तो माणूस हे काकांच्या तोंडावरून वाचून मोकळा झाला आणि म्हणाला, असू द्या, भरा, दुसरीकडे पाठवायची आमची ऐपत नाही, इथे शिकली तरी पुष्कळ झालं. मागून लोक घाई करू लागले.

धाकटी बाजूला उभी राहून बघत होती. ती बघतेय हे काकांना मान वर न करताही कळत होतं. त्यांनी कोऱ्या रकान्यात सात लिहिलं, शिक्का मारला आणि पावती फाडून दिली. मुलीने ती दोन्ही हातांनी घेतली, वाचली, नीट घडी करून पर्समध्ये ठेवली आणि खिडकीत वाकून त्यांना म्हणाली, “थँक्यू काका.”